पेटीत नसलेला गंधार

चैत्र लागला की माझ्या क्लासच्या खोलीत दोन ऋतू एकदम शिरतात. एक परीक्षेचा. संगीताच्या परीक्षा आमच्याकडे याच दिवसांत येतात, म्हणजे नांदेडचं ऊन माणसाचा आवाज घशातच भाजून काढतं नेमकं तेव्हा. दुसरा जयंतीचा. खिडकीखालून निळ्या पताकांच्या माळा ओढत पोरं पळत असतात, खांबाला शिडी लावलेली असते, कुणीतरी माइकवर "हॅलो, हॅलो, चेक" करत असतं, आणि आत माझ्या मुली डोळे मिटून आलाप करत असतात. कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास, वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेणारी एखादी आई. तीस वर्षं मी गाणं शिकवते आहे. अजून एकाही चैत्रात माझा तानपुरा आणि बाहेरचा माइक यांचं जमलेलं नाही. तरी दोन्हींपैकी एक नसेल तर मला चैत्र आल्यासारखा वाटत नाही.

यंदा लोह्याहून बसनं येणारी एक मुलगी तोडी म्हणत होती. आवाज चांगला, जरा रानातला, मोकळा. मी पेटीवर साथ करत होते. गंधारावर आली की ती पेटीच्या किंचित खाली उतरायची. दोनदा उतरली, तीनदा उतरली. "बेटा, जरा वर" असं म्हणायला माझं तोंड उघडलंसुद्धा होतं. मग मी पेटीचा भाता बंद केला.

"मॅडम, चुकलं का?" पोरगी घाबरलीच.

"नाही गं. तू म्हण. पेटीशिवाय म्हण."

ती म्हणत राहिली आणि मी उठून गॅलरीत गेले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मला त्या उन्हात दुसराच एक चैत्र दिसायला लागला होता, पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वीचा, आणि त्यात सतरा वर्षांची मी, शहाणपणानं नुसती ओथंबलेली.

माझं आजोळ रेणापूर तालुक्यातलं. किसनमामा, म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ, लातूरला डाळ मिलमध्ये मिस्त्रीकाम करायचा आणि गावच्या गायन पार्टीची गाणी बांधायचा. शब्द त्याचे, चाली त्याच्या. जयंतीच्या दिवसांत पार्टीला आसपासच्या गावांतून बोलावणी यायची. मामा शाळेत फार गेला नव्हता आणि गाण्याच्या शाळेत तर मुळीच नाही. पण तुरीची डाळ पडत असताना मिलची मोटार जो एकसारखा हुंकार देते, त्यालाच तो षड्ज धरायचा आणि आठ तास मनात गात राहायचा. "लोकायचा तंबोरा चार तारांचा, माझा धा हॉर्सपावरचा," असं म्हणायचा. मोटार बंद पडली की मालकाच्या आधी मामाला कळायचं, कारण त्याचा सा बंद पडायचा.

शास्त्रीय गाणं त्याला मिळालं ते लग्नाच्या बँडमधून. मिलसमोरच्या हॉटेलाशेजारी एका बँडपार्टीचं दुकान होतं. तिथे गफूरचाचा क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांचे वडील निजामाच्या काळात पहाटेच्या चौघड्याबरोबर सनई वाजवत. ते सगळे सकाळचे राग चाचांच्या बोटांत उतरले होते आणि त्यांना गिऱ्हाईक नव्हतं. वरातीपुढे तोडी कोण वाजवू देतो? नवरदेवाचे मित्र मारायला उठतील. तेव्हा मुहूर्त नसलेल्या दिवसांत चाचा क्लॅरिनेट घेऊन मामाच्या गावी यायचे, ओट्यावर बसायचे आणि मनातलं सगळं वाजवून मोकळे व्हायचे. दक्षिणा म्हणजे गयामामीच्या हातची गरम भाकर आणि अंबाडीची भाजी.

मामा समोर मांडी घालून शिकायचा. वहीत खुणा करायचा, विचारायचा, पुन्हा वाजवायला लावायचा. आणि भिंतीपलीकडे चुलीपाशी मामी भाकरी थापत असायची. तिला कुणी शिकवत नव्हतं. थापताना हात थांबत नव्हता आणि कान थांबत नव्हता. संध्याकाळी मामा वही उघडून "त्ये काय होतं बरं चाचाचं?" असं म्हणायचा, तेव्हा मामी आतून म्हणून दाखवायची. मामा खूण करायचा आणि पुढे जायचा. मला वाटतं, पार्टीची निम्मी तालीम त्या चुलीच्या धुरातच झाली असेल.

मोठ्या गवयांच्या मैफलींना मी पुढे खूप गेले. तिथे आमच्या गाण्यांना "लोकसंगीत" म्हणतात. म्हणायला हरकत नाही, पण म्हणताना जो चेहरा करतात त्याला आहे. जणू शेताच्या बांधावर आपोआप उगवलेलं ते गवत. त्यांना किसनमामाचं काम दाखवायला हवं होतं. खयालाचा आलाप सावकाश चालतो आणि जयंतीला जमलेल्या माणसांना तेवढा धीर नसतो, कडेवर लेकरं असतात. मामानं आलाप काढून टाकला नाही. त्यानं तो हाकेत घातला. दारात उभं राहून आई पोरीला उठवते तशी लांब हाक, "ऊठ गंऽऽऽ", आणि त्या एका "गं"मध्ये अख्ख्या रागाची ओळख करून द्यायची. लोकांना ती हाक वाटायची. आलाप ऐकतोय हे त्यांना कळायचंसुद्धा नाही.

तानेचं तर त्यानं आणखी मजेदार केलं. खुरपून आलेल्या बाईच्या छातीत एका दमात लांब तान घेण्याइतका श्वास कुठून उरणार? मामानं तानेचे चार तुकडे केले आणि चार बायकांना वाटून दिले. एकीचं संपतं तिथे दुसरीनं उचलायचं. चौघींनी नीट उचललं की ऐकणाऱ्याला एकच तान वाटायची. मी नंतर पुष्कळ मोठ्या ताना ऐकल्या, पण चार जणींनी मिळून घेतलेल्या तानेत एकीचा दम संपला म्हणून कुणी ओशाळं होत नाही, हे मला फार आवडतं. तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं, ती त्यानं श्रोत्यांच्या टाळ्यांना दिली. तिसऱ्या टाळीला सम. पोरंसोरं सम चुकवत नसत.

मामा एकटाच असा होता असं नाही. लोह्याकडच्या एका पार्टीचे मास्तर मालकंसात सवाल घालायचे. हिमायतनगरचे एक भजनीबुवा मारव्यासारख्या अवघड रागातली गौळण अशी सोपी करून म्हणायचे की म्हाताऱ्या बायाही मागे म्हणत. या माणसांना एकच परीक्षा ठाऊक होती. गाणं झाल्यावर लोक ते घेऊन घरी जातात की तिथेच टाकून जातात?

तर त्या चैत्रात मामानं तोडीला हात घातला. बाकी सगळ्या पार्ट्या भैरवीत, पहाडीत, कव्वालीच्या चालींवर गायच्या. तोडी म्हणजे अवघड काम. सूर एकमेकांना खेटून, काही उतरते, काही चढे, जरा हललं की राग मोडला. पण जयंतीच्या सकाळी वंदना झाली की पहिलं गाणं मामाच्या पार्टीचं असा गावचा शिरस्ता, आणि मामाच्या मनात होतं की सकाळचं गाणं सकाळच्या रागात व्हावं. "आपल्या लोकायनी सकाळ लई उशिरा बघितली, शोभे," तो मला म्हणाला होता. "ती कच्च्या सुरात कामून म्हनायची?" गाणं साधं होतं.

ऊठ गं लेकी, झुंजुरकं झालं,
पाटीवर तुझ्या ऊन आलं.

आणि पहिल्या गाण्याची पहिली ओळ गयामामीची, हाही शिरस्ता. चौदा-पंधरा वर्षं तीच म्हणत होती. मामी दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण वर्षातला तो एक क्षण तिचा होता. इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून ती पुढे यायची आणि सगळं गाव गप्प व्हायचं. पोरी आयांना विचारायच्या, "गयाकाकी म्हनायली का?" हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही मी जे केलं ते केलं.

मी तेव्हा नांदेडला सरांकडे गाणं शिकत होते. वडील सरकारी कचेरीत कारकून, म्हणून शहरात राहणं, आणि आईच्या हट्टानं क्लास. आमच्या सगळ्या घराण्यात गुरूपुढे तानपुरा लावून बसलेली मी पहिली. त्याच महिन्यात परीक्षा देऊन आले होते, पास होणार याची खात्री होती, आणि आजोळी उतरले ती जणू पाहणी करायला आलेल्या साहेबाच्या थाटात. त्याच वर्षी पार्टीत पेटी आली होती. तोवर सगळं ढोलकी, खंजिरी आणि तुणतुण्यावर चालायचं. नवी पेटी, लाल कापडात गुंडाळलेली. मामा तिच्यावर धूळ बसू देत नव्हता. तिच्याजवळ बोलतानासुद्धा हळू बोलायचा.

तालीम दुपारी व्हायची, समाजमंदिरापुढच्या लिंबाखाली. रबी उरकलेली, रानं मोकळी, बायका डोक्यावरचे पदर सावरत यायच्या. लिंबाचा मोहर पेटीच्या पट्ट्यांवर टपटप पडायचा आणि मामा तो फुंकून काढायचा. तोडी मी शिकले नव्हते, पण पट्ट्या मला येत होत्या. वहीतल्या खुणा बघून मी पेटीवर सूर काढले आणि मामीला म्हटलं, म्हण. मामीनं हाक दिली. "ऊठ गंऽऽऽ".

गंधार खाली गेला. पेटीच्या खाली.

"मामी, जरा वर."

"वर मंजी कुठं?"

"हे बघ, इथं." मी पट्टी दाबून धरली.

मामी पट्टीकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. पुन्हा म्हणाली. पुन्हा तिथेच. मी पुन्हा पट्टी दाबली. पेटीचा सूर आणि मामीचा सूर शेजारी शेजारी उभे राहून एकमेकांना घासत होते. बाकीच्या बायका खाली बघायला लागल्या.

"तिथंच तं म्हनते मी," मामी म्हणाली.

"नाही गं, उतरतीस तू. बेसूर होतंय."

बेसूर. हा शब्द मी म्हटला. पंधरा वर्षं गावाची पहिली ओळ म्हणणाऱ्या बाईला, तिच्याच माणसांदेखत, सतरा वर्षांच्या मी.

मामा दोघींच्या मध्ये बसलेला. त्याच्या कानांना काहीतरी खटकत होतं, हे मला आज कळतं. तो मामीकडे बघायचा, पेटीकडे बघायचा. "गया, पेटीत ह्ये असं हाय बघ," तो शेवटी म्हणाला.

"पेटी कालची हाय," मामी म्हणाली. "गाणं तिच्या आदीचं."

पण मामाची शास्त्रावर श्रद्धा होती. उभ्या आयुष्यात ज्या दारातून त्याला कुणी आत घेतलं नव्हतं, त्या दारातून त्याची भाची आत जाऊन आली होती. ती सांगते म्हणजे बरोबरच असणार. दोन दिवसांनी, मामीच्या डोळ्याला डोळा न भिडवता, तो म्हणाला, "औंदा शोभीला म्हनू दे, गया. ती शिकून राहिली मास्तरापाशी."

मामी पदरानं हात पुसत होती. पुसून झाले तरी पुसत राहिली. "म्हनू दे की. मी मागं हुभी राहीन," म्हणाली, आणि घागर उचलून हापशाकडे गेली. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. मला त्या दुपारी लई भारी वाटत होतं.

जयंतीच्या सकाळी ऊन नुकतं पत्र्यांवर आलं होतं. वंदना झाली. पांढऱ्या कपड्यांची रांगच रांग, अगरबत्तीचा वास, मध्येच एखाद्या लेकराचं रडू. मी पुढे उभी राहिले आणि पेटीच्या सुरात सूर मिळवून हाक दिली. मागे चौघी बायका, त्यांत मामी. माझ्या लक्षात आलं की मामीचा गंधार आज वर आलाय. अगदी पेटीबरोबर, केसाचाही फरक नाही. मला इतका आनंद झाला की पुढच्या ओळीत मी दोन हरकती जास्तीच्या घेतल्या. टाळ्या पडल्या. म्हाताऱ्यांनी बोटं मोडून दृष्ट काढली. "किसनची भाची बघा," लोक म्हणत होते, "नांदेडला शिकून राहिली." आई रडत होती.

खाली उतरल्यावर मी मामीला मिठी मारली. "बघ, आला की नाही गंधार वर?"

"आला की," मामी म्हणाली. "तुज्यामुळं आला."

गफूरचाचाही आले होते, धुतलेला सदरा घालून. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "गला अच्छा है बेटी, खुदा सलामत रखे." मग मामीकडे वळून हळूच विचारलं, "भाबी, आज तुमारा गंधार किदर गया?"

"पेटीत गेला, चाचा," मामी म्हणाली आणि हसली. चाचा हसले नाहीत. मी मात्र हसले. मला वाटलं, कौतुकच चाललंय.

जूनमध्ये नांदेडला क्लास सुरू झाला आणि सरांनी तोडी काढली. पहिल्याच दिवशी त्यांनी पेटी उचलून कोपऱ्यात ठेवली आणि वर चादर टाकली. "तोडी शिकायची तर हिला झाकून ठेवा," म्हणाले. "हिच्यात सगळे सूर आहेत असं तुम्हाला वाटतं. तोडीचा गंधार हिच्यात नाही. तो त्याहून खाली असतो. तो गळ्यातच मिळतो, नाहीतर सनईत, सारंगीत." मग तानपुरा छेडून त्यांनी सूर लावला. कोमल गंधारावर आले, तिथून आणखी जरासे खाली उतरले आणि थांबले. तिथे गयामामी उभी होती. तोच सूर, तसूभरही इकडे नाही तिकडे नाही. लिंबाखालची दुपार माझ्या कानांत जशीच्या तशी वाजली आणि वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. सर म्हणाले, "म्हणा."

दिवाळीच्या सुट्टीत आजोळी गेले आणि मामाला एकट्याला गाठून सांगितलं. तो सायकलची साखळी बसवत होता. हात काळे, मान खाली.

"मंजी चाचाचा गंधार खरा?"

"हो."

"आन् गयाचा?"

"तोच चाचांचा, मामा. ती पहिल्यापासून बरोबर होती. मीच चुकले."

मामानं साखळी तशीच लोंबती ठेवली. "मी कानानं ऐकलं व्हतं," तो म्हणाला. "आन् कानावर भरवसा ठिवला न्हाई." त्याचे डोळे भरून आले होते. मामाला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्यानं मामीची माफी मागितली का, मला माहीत नाही. आमच्याकडचे पुरुष त्या बाबतीत मुलखाचे मुखदुर्बळ. पण पुढच्या सुट्टीच्या वारी त्यानं मिलमधली बारीक कानस आणली, ओट्यावर पोतं अंथरलं आणि ती नवीकोरी पेटी, जिच्यावर तो धूळ बसू देत नव्हता, तिचे स्क्रू काढून उघडून ठेवली. आत, ज्यांच्यातून सूर निघतो त्या पितळेच्या पातळ पट्ट्या ओळीनं. पट्टी टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, एवढं त्यानं पेटी दुरुस्त करणाऱ्याकडून विचारून घेतलं होतं.

"गया, गंधार म्हन," त्यानं आत आवाज दिला.

"भाकर टाकली हाय तव्यावर."

"तिथनंच म्हन."

चुलीपासून मामीनं गंधार लावला. मामानं पट्टीच्या बुडाशी कानस फिरवली, पट्टी बसवली, भाता मारला, ऐकलं, पुन्हा काढली. "पुन्हा म्हन." असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. मामी कावली. "काय लावलंय ह्ये? भाकर करपून राहिली!" मामा म्हणाला, "करपू दे." आणि मग एकदा पेटीचा सूर आतल्या सुराला जाऊन असा मिळाला की दोन आवाज आहेत हे ओळखू येईना. मामी चुलीपासून उठून दारात आली. पिठाचे हात तसेच. पेटीकडे बघत उभी राहिली. मी ओट्याच्या कडेला बसून हे सगळं पाहिलं, आणि आयुष्यात मी याहून मोठं संगीत पाहिलेलं नाही.

गावानं मामाला वेड्यात काढलं. "चांगल्या पेटीचं वाटोळं केलं." खरंच, त्या पेटीवर दुसरं काही वाजवायला गेलं की एक सूर वाकडा लागायचा. मामा म्हणायचा, "लागू द्या. माझी पेटी माझ्या मानसायच्या गळ्याची हाय." आम्ही शिकलेली मंडळी गळा घासून पेटीत बसवतो. मी स्वतः कित्येक पोरींचे गळे तसे घासले असतील. मिलमधल्या त्या माणसानं पेटी घासली.

पुढच्या जयंतीला पहिली ओळ पुन्हा मामीची झाली आणि तोडी गावात राहायला आली. शेरडांमागे जाणारी पोरं ती हाक मारायची. धुणं धुताना बायका तानेचे तुकडे एकमेकींकडे फेकायच्या. दोन वर्षांनी वरच्या आळीतल्या भजनी मंडळानं त्याच चालीवर गौळण बसवली आणि विचारलंसुद्धा नाही. मामाला राग येईल असं मला वाटलं होतं. तो खूष. "चाल चालली की वो!" म्हणत मिलभर सांगत सुटला. आता जयंतीला डीजेचे मोठे डबे येतात, छाती हादरवणारे. पण गेल्या वर्षी त्या दणदणाटातसुद्धा एका पोरानं मध्येच सगळं थांबवून ती हाक दिली आणि त्याचा गंधार पेटीच्या खाली होता. त्याला तोडी हे नाव बहुधा ठाऊक नसावं.

मामाला जाऊन सहा वर्षं झाली. आणि या सगळ्या काळात मी एक गोष्ट केली नव्हती. मामाला सांगितलं, पण मामीला "मी चुकले होते" हे मी कधी म्हटलं नव्हतं. दरवर्षी ठरवायची. मामी ताट वाढायची, माझ्या पोरांची चौकशी करायची, आणि मी गप्प. तिला काही कळलंच नसेल, आता जुनं कशाला उकरा, अशी स्वतःची समजूत घालायची. तिला काही कळत नाही, हे गृहीत धरायची माझी खोड गेलेली नव्हती.

यंदा त्या लोह्याच्या पोरीची परीक्षा आटोपली आणि मी सरळ बस धरली. मामी आता सत्तरी ओलांडलेली. ओट्यावर बसून तूर पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं. "ये माय. उनाची कामून आलीस?"

मी पाणीसुद्धा प्यायले नाही. तिच्यापुढे बसले आणि सगळं सांगून टाकलं. पेटी, सर, चादर, सनईचा गंधार. "तू बेसूर नव्हतीस, मामी. मीच बेसूर होते. तुझी ओळ मी घेतली."

मामी पदरानं तोंड पुसत शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मला काय कळत नव्हतं व्हय? चाचाचा सूर येगळा आन् पेटीचा येगळा, पयल्याच दुपारी कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तं तू गायली नसतीस. आपल्या घरातली पयली पोरगी गाणं शिकून आली. गावापुढं पयल्यांदा हुभी राहायली. मागून म्या चाचाचा गंधार लावला असता तं दोन सूर फाकले असते. लोक मनले असते, पोरगी चुकली. पुन्यांदा कुनी आपल्या पोरीला पाठवलं असतं का मास्तराकडं?" तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. "मनून तुज्यासंगं वर आले."

मला ती सकाळ आठवली. अगदी पेटीबरोबर, केसाचाही फरक नाही. मी तो माझ्या शिकवण्याचा विजय समजून दोन हरकती जास्तीच्या घेतल्या होत्या. चुकीचा सूर इतका अचूक लावायला बरोबर सूर किती पक्का माहीत असावा लागतो, हे गाण्याची मास्तरीण असून माझ्या तीस वर्षांत लक्षात आलं नव्हतं. माझे डोळे वाहायला लागले.

"जड गेलं असेल ना गं मामी?"

मामीनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"गळ्याला न्हाई गेलं," ती म्हणाली.